मूळ कागद पाहिलेला नाही

रविवारी चर्च सुटलं की मास्तर घरी न जाता माझ्याकडे येतात. बायको कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात ठेवते आणि आमचं जुंपतं. मी मोडी वाचून देवनागरीत उतरवून देतो. शेतीच्या वाटण्या, वतनांचे वाद आणि २०२३ पासून कुणबी नोंदी. मास्तर निवृत्त शिक्षक, आजोबांपासूनचे ख्रिस्ती. गेले चार रविवार एकच विषय चाललाय : मार साबाचं पत्र खरं की बनावट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जेरुसलेमजवळच्या वाळवंटात, किद्रोनच्या घळीत, मार साबा नावाचा जुना मठ आहे. १९५८ च्या उन्हाळ्यात अमेरिकन प्राध्यापक मॉर्टन स्मिथ तिथल्या हस्तलिखितांची यादी करायला गेले. तिथे त्यांना १६४६ चं एक छापील पुस्तक मिळालं, संत इग्नेशियसची पत्रं. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर कुणीतरी बारीक ग्रीक अक्षरात एक पत्र उतरवून ठेवलेलं. हस्ताक्षर अठराव्या शतकातलं वाटतं, मजकूर मात्र दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित, अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट, याचा म्हणून दिलेला. बायबलातल्या मार्ककृत शुभवर्तमानाची, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या कथेची, एक गुप्त, वाढीव प्रत आहे असं त्यात म्हटलंय, आणि तिच्यातले दोन उतारेही आहेत. एका उताऱ्यात येशू एका तरुणाला मेलेल्यातून उठवतो. सहा दिवसांनी तो तरुण उघड्या अंगावर नुसतं तागाचं वस्त्र पांघरून रात्री येशूकडे येतो आणि येशू त्याला देवाच्या राज्याचं रहस्य शिकवतो.

मास्तरांचा निकाल पहिल्याच रविवारी लागला होता. "असलं काही मार्क लिहील का ओ? बनावट आहे, सोडा."

मी म्हटलं, मास्तर, आवडत नाही म्हणून कागद खोटा ठरत नाही. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण आपल्या विरुद्धचा दस्त खोटाच म्हणतो.

दुसऱ्या रविवारी ते तयारी करून आले. स्मिथनी १९७३ मध्ये दोन पुस्तकं काढली, एक जाडजूड विद्वानांसाठी आणि एक साध्या वाचकासाठी. दुसऱ्याची अर्पणपत्रिका अशी : 'ज्याला ठाऊक आहे त्याला'. मास्तरांनी भाकरीचा तुकडा बोटात धरून विचारलं, काय ठाऊक आहे? म्हणजे पत्र स्मिथनीच गंमत म्हणून रचलं, असा त्यांचा रोख. आता, पंधरा वर्षं खपून क्लेमेंटच्या शब्दाशब्दावर टिपा लिहिणारा माणूस गंमत म्हणून हे करेल, हे मला पटत नाही. पण मास्तरांचा पुढचा मुद्दा मला लागला. १९९५ मध्ये अँड्र्यू क्रिडल या अभ्यासकाने शब्द मोजून दाखवलं की हे पत्र क्लेमेंटपेक्षाही जास्त क्लेमेंटसारखं आहे. आमच्या धंद्यातही हेच. बनावट निवाडपत्रात शेवटची 'मोर्तब सूद' ही खूण जागच्या जागी, सुहूर सन म्हणजे जुन्या कागदांतलं वर्ष बिनचूक, मायना पुस्तकातून उचलल्यासारखा. खरा कारकून कुठेतरी चुकतो, कंटाळतो, शब्द गाळतो.

मग आला थरथरीचा मुद्दा, आणि इथे मी गप्प बसलो.

२००५ मध्ये स्टीफन कार्लसन या वकिलाने पुस्तक लिहून दाखवलं की अक्षरांच्या रेषा थरथरतात, म्हणजे कुणीतरी सावकाश, नक्कल करत लिहिलंय. पण त्याने पाहिलं काय होतं? स्मिथच्या पुस्तकात ठिपक्याठिपक्यांनी छापलेली चित्रं. पुढे काहींनी तीच अक्षरं चांगल्या फोटोंत पाहिली, तर बरीचशी थरथर छपाईची निघाली.

गेल्या वर्षी माझंही असंच झालं. मोहोळ तालुक्यातल्या एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर वाटणीपत्राचा फोटो पाठवला. अक्षरांच्या कडा दातेरी, वळणं अडखळलेली. मोडी लिहिणाऱ्याचा हात असा अडखळत नाही, तो आधी ओळभर शिरोरेघ ओढतो आणि मग खाली अक्षरं सरसर सोडत जातो. मी ठोकून दिलं : हस्ताक्षर संशयास्पद. त्यावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. दोन महिन्यांनी तो मूळ कागद घेऊन आला. मी खिडकीपाशी उजेडात धरला. रेघ तेलाच्या धारेसारखी. शाई कागदाच्या पोटात उतरून मागच्या बाजूला तपकिरी उमटलेली. घडीवर कागद झिजला तशी अक्षरंही झिजून तुटलेली, शाई घडीत पसरलेली नव्हती, म्हणजे लिहिलं आधी आणि घडी पडली नंतर. मला आलेला फोटो झेरॉक्सच्या झेरॉक्सचा होता.

मार साबाच्या पत्राचा मूळ कागद मात्र आता कुणालाच सापडत नाही. १९७६ मध्ये जेरुसलेमचे काही विद्वान मठात गेले, पुस्तक सापडलं, ते शहरात पॅट्रिआर्केटच्या, म्हणजे ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मपीठाच्या, ग्रंथालयात आणलं. शाई तपासायची तर पोलिसांच्या प्रयोगशाळेतच सोय, आणि पोलिसांच्या हाती पुस्तक द्यायला मठवाले तयार नव्हते. पुढे ती पानं पुस्तकातून सुटी केली गेली, त्यांचे रंगीत फोटो निघाले आणि पानं नाहीशी झाली. नंतर एका मासिकाने दोन ग्रीक तज्ज्ञांना फोटो दाखवले. एक म्हणाली, हा स्मिथचा हात वाटत नाही. दुसरे म्हणाले, नकली आहे. फोटोवर दुसरं काय होणार!

काल मास्तरांनी नवा करार उघडून मार्कचा दहावा अध्याय, सेहेचाळीसावं वचन माझ्यासमोर धरलं. ते यरीहोला येतात, आणि लगेच यरीहोहून निघतात. मध्ये काहीच घडत नाही. पत्रातला दुसरा उतारा नेमका त्या फटीत बसतो.

"बगा, किती बेमालूम बसतंय," मास्तर म्हणाले. आता तेच डळमळले होते.

मी म्हटलं, वंशावळीत जिथे एक नाव कमी असतं, तिथेच बनावट कागद येतो. आणि हरवलेला खरा कागदही तिथलाच असतो.

"म्हणजे तुमचा निकाल काय?"

मी माझं दाखल्याचं पुस्तक दाखवलं. मोहोळच्या प्रकरणापासून फोटोवरून काम केलं की प्रत्येक पानाखाली एक ओळ लिहितो : मूळ कागद पाहिलेला नाही.

मास्तरांनी ती वाचली, चष्मा काढला. "आणि याची फी घेता होय?"