हौद्याच्या कडेवरची घासलेली रेघ

आम्ही पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. घेणाऱ्यासाठी जुनी गाडी तपासताना मी आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याजवळ, हात नेतो, कारण गार इंजिन जे बोलून दाखवतं ते गरम इंजिन पोटात ठेवतं. छोटा टिपर, मागे जोड चाकं, हौद्याखाली तो उचलणारा तेलाचा जॅक, कागदावर एकूण वजनाची मर्यादा 6,500 किलो. विकणाऱ्याने अर्धा तास गाडी फिरवून आणली होती. इंजिन गार होईपर्यंत चार तास थांबायचं ठरवलं. घेणाऱ्याला ते फारसं रुचलं नाही, पण ही गाडी कळली ती त्याच चार तासांत.

चासी नंबर कागदांशी ताडून पाहिला. अक्षरं एका मापाची, भोवती घासल्याची खूण नाही. कर्जाचा बोजा उतरलेला. टायरच्या बाजूला वर्ष सांगणारे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. बाहेरचे चारही टायर अलीकडचे, मागच्या जोडीतले आतले दोन मात्र नऊ वर्षांचे. हे जवळजवळ नेहमीच असं असतं, कारण आतल्या टायरकडे वाकून कोणी बघत नाही. जोडीतला एक टायर झिजून लहान झाला की दुसऱ्यावर जास्त भार येतो आणि तो तापतो.

मग हौदा मोजला. आतून लांबी 2.7 मीटर, रुंदी 1.8, उंची 0.45. बाजूच्या पत्र्याच्या वरच्या कडेवर हात फिरवला तर बोटांना बारीक खडबड लागली. रंगाखाली ग्राइंडरने घासलेली एक रेघ दोन्ही बाजूंना पूर्ण लांबीभर गेलेली होती. मी ती वहीत नोंदवली आणि पुढे गेलो. तिथेच थांबून विचार करायला हवा होता, हे अजून डोक्यातून जात नाही.

इंजिन गार झाल्यावर पहिल्या सेल्फला सुरू झालं. पांढरा धूर अर्ध्या मिनिटात गेला, निळा आलाच नाही. ऑइलचं झाकण उघडून उलटं भोकावर ठेवलं तर ते नुसतं थरथरलं, उडालं नाही, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन, रिंगांजवळून खाली निसटणारा वायू, फार नाही. कूलंटवर तेलाची तवंग नव्हती आणि झाकणाच्या आत दुधट चिखलही नव्हता. घेणाऱ्याने सोबत आणलेला मेकॅनिक तिथेच म्हणाला, “साहेब, इंजिन टकाटक आहे, घेऊन टाका.” आपल्या धंद्यातली ही खोड मला सलते. मेकॅनिक इंजिन बघतो, मालक टायर आणि किलोमीटर बघतो, आणि गाडी कोणीच बघत नाही. इंजिन उघडून लायनर, पिस्टन, रिंगा बदलता येतात. टिपरच्या मीटरवरचे किलोमीटर तर अर्धीच गोष्ट सांगतात, कारण उभ्या उभ्या पीटीओ लावून, म्हणजे इंजिनच्या ताकदीवर जॅकचा पंप फिरवून, चाललेले तास त्यात येत नाहीत. इथे मीटर कमी दाखवत होतं आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून लोखंड दिसत होतं.

जॅकची तपासणी मी नेहमी सावकाश करतो. तेलाची पातळी हौदा खाली असताना बघायची. वर असताना तेल जॅकमध्ये गेलेलं असतं, टाकी रिकामी दिसते, आणि कोणीतरी उगाच तेल ओततो. तेलात फेस असेल तर पंपाकडे जाणाऱ्या सक्शनच्या पाइपमधून हवा शिरते आहे असं धरायचं. इथे फेस नव्हता. मग रिकामा हौदा एकाच आरपीएमला दोनदा उचलून वेळ घेतली. तेल गार असताना 18 सेकंद, दहा-बारा वेळा वर-खाली करून तेल तापल्यावर 27. तापलेलं तेल पातळ होतं आणि झिजलेल्या गिअर पंपाच्या फटींतून मागे सरकतं, म्हणून हा फरक पडतो. पंप बदलता येतो, त्यामुळे एवढ्यावरून गाडी नाकारायचं कारण नव्हतं.

हौदा अर्ध्यावर उभा करून इंजिन बंद केलं, चासी आणि हौदा यांच्यामधलं अंतर टेपने मोजलं. पंधरा मिनिटांनी ते 4 मिलिमीटरने कमी झालं. एकेरी जॅक असल्याने सील गळत असतं तर तेल बाहेर दिसलं असतं. नळीवर ओल नव्हती, म्हणजे तेल अडवून धरणारा व्हॉल्व्ह थोडा सोडतो आहे. जॅकच्या नळ्यांवर नख फिरवून पाहिलं, कुठे अडकलं नाही. ही सगळी मापं दुरूनच घेतली. लोखंडी टेकू लागल्याशिवाय उचललेल्या हौद्याखाली डोकं घालायचं नाही, मग जॅक कितीही चांगला असो. एक होज फुटला की हौदा खाली यायला क्षण पुरतो, आणि तरीही लाकडाचा ओंडका लावून आत शिरणारी माणसं मी दर वर्षी बघतो.

रिकाम्या हौद्यावरची चाचणी अपुरी असते, म्हणून दोन टन खडी भरून घेतली. गाडी सपाट जागी उभी करून हौदा वर घेतला तर तो मागून उजवीकडे झुकला. डावी-उजवीकडचं अंतर मोजलं तर 22 मिलिमीटरचा फरक. लगेच खाली घेतला. खडी उतरवून पहार लावून हलवलं तेव्हा उजव्या बिजागरीच्या पिनमध्ये 6 मिलिमीटरची ढिलाई निघाली. ग्रीसचं निप्पल रंगाने बुजलेलं होतं, म्हणजे त्यात ग्रीस कित्येक महिने गेलेलं नसणार. भरलेला हौदा वर गेला की वजनाचा मध्य वर चढतो, आणि ओला माल एका बाजूला चिकटून राहिला तर एवढ्याशा झुकावावरून गाडी उलटू शकते.

तिथून गाडी वजनकाट्यावर नेली. रिकाम्या गाडीचं वजन कागदावर 2,900 किलो, काट्यावर 3,240. हे 340 किलो आले कुठून? हौद्याच्या तळावर नंतर टाकलेला 6 मिलिमीटरचा दुसरा पत्रा होता. 2.7 गुणिले 1.8 मीटरचा तेवढ्या जाडीचा लोखंडी पत्रा सुमारे 229 किलो भरतो. उरलेले शंभरावर किलो कुठे आहेत ते शोधताना सकाळची रेघ आठवली.

परत येऊन ती रेघ उजेडात पाहिली. बाजूंवर कधीतरी पत्रे वाढवले होते आणि विकण्याआधी कापून, घासून, रंगवून टाकले होते. आतल्या पत्र्यावर माल घासून झालेली चमक वरपर्यंत तशीच होती. कापलेल्या पत्र्याचा एक तुकडा आवारातच भिंतीला टेकवलेला दिसला, रुंदी 25 सेंटिमीटर. म्हणजे हौदा एके काळी 70 सेंटिमीटर उंच होता. तेवढ्यात 3.4 घनमीटर मावतात. ओली वाळू घनमीटरला साधारण 1,900 किलो धरली तर जवळजवळ साडेसहा टन. आणि ही गाडी कायद्याने उचलू शकते 3,260 किलो, चालक धरला तर आणखी कमी. म्हणजे वर्षानुवर्षं ती दुप्पट ओझं वाहत आली होती.

मग चासीकडे वळलो. तिला ताजा, जाड काळा रंग दिलेला होता. बाकी गाडीला रंग नसताना फक्त चासी रंगवलेली दिसली की माझा हात वायर ब्रशकडे जातो. कुठे खरवडायचं हेही ठरलेलं असतं. चासी म्हणजे डावी-उजवीकडचे दोन लांब बीम, प्रत्येकाला एक उभं अंग आणि त्याच्या वर-खाली आडवी पट्टी. दोन आसांच्या मधल्या भागात ओझ्याने खालच्या पट्टीला ताण बसतो, मागच्या चाकांपलीकडे लोंबणाऱ्या भागात वरच्या पट्टीला. त्यातही सबफ्रेम, म्हणजे हौद्याखालची चासीवर बसवलेली चौकट, जिथे एकदम संपते, जिथे स्प्रिंगच्या पाट्यांचा ब्रॅकेट बसतो, जिथे भोक किंवा वेल्डिंगचं टोक आहे, तिथे ताण साठतो. केबिनच्या मागे, सबफ्रेमच्या पुढच्या टोकाखाली, डाव्या चासीच्या उभ्या अंगावर 30 सेंटिमीटरची ठिगळाची पट्टी मारलेली निघाली. दोन्ही टोकं सरळ उभी कापलेली आणि सगळीकडून वेल्ड केलेली. असं काम करणाऱ्या वेल्डरवर मला राग येतो. उभ्या टोकाशी चासी अचानक कडक होते, आणि नवी चीर तिथूनच निघते. टोक तिरकं कापावं, खालच्या पट्टीवर आडवी वेल्डिंग करू नये, जुन्या चिरेच्या शेवटी आधी भोक पाडून ती थांबवावी, एवढं तरी यायला हवं.

पट्टीच्या खालच्या कोपऱ्यातून गंजाची तांबूस रेघ उतरली होती. डोळ्यांना 38 मिलिमीटर दिसली. जागा धुऊन कोरडी केली, लाल पेनिट्रंट, म्हणजे चिरेत शिरणारा पातळ रंग, मारून पंधरा मिनिटं थांबलो. पुसताना क्लीनर फडक्यावर घ्यायचा, थेट मारला तर चिरेतला रंगही धुऊन जातो. वर चिरेतला रंग बाहेर ओढणाऱ्या पांढऱ्या डेव्हलपर पावडरचा पातळ थर दिला आणि लाल रेघ उमटली, 64 मिलिमीटर, खालच्या पट्टीतून वळून उभ्या अंगात शिरलेली. उजव्या चासीत त्याच जागी बोल्टच्या भोकातून 5 मिलिमीटरची केसासारखी चीर. आणि दोन टनांची खडी याच चासीवर आम्ही तासाभरापूर्वी उचलली होती, तेही विकणाऱ्याचा मुलगा लिव्हरजवळ उभा असताना. आता मी क्रम बदलला आहे. चासी खरवडून झाल्याशिवाय भरलेला हौदा उचलायचा नाही.

घेणारा चिरेकडे बघत म्हणाला, “दादा, इंजिन एवढं चांगलं आहे. नवी पट्टी मारून घेतली तर चालेल ना?”

पट्टी एकदा मारून झाली होती आणि त्याच पट्टीच्या कोपऱ्यातून चीर निघाली होती. दुसरीकडेही सुरुवात झालेली, म्हणजे दमली होती ती पूर्ण चासी. हौदा, सबफ्रेम उतरवून दोन्ही बाजू नीट करायच्या, नाहीतर चासीच बदलायची, मग बिजागऱ्या, पंप, आतले टायर. त्याचं काम ओल्या वाळूचं. तळावरचा जादा पत्रा धरला तर या हौद्यात वाळू 35 सेंटिमीटरपर्यंतच भरता येते, आणि काठोकाठ न भरणारा मालक मला क्वचित भेटला आहे. “घेऊ नका,” असं मी लिहूनच दिलं. हीच गाडी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा वाहणाऱ्याने मागितली असती तर, दुरुस्ती करून, मी कदाचित वेगळं लिहिलं असतं, आणि ते बरोबर ठरलं असतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

विकणाऱ्याला मी चिरेच्या दोन्ही टोकांना पंचने खूण करून शेजारी तारीख घालू द्या म्हणालो. पुढच्या माणसाला चीर किती वाढली ते कळलं असतं. त्याने नकार दिला. सामान आवरून निघताना वळून पाहिलं तर त्याचा मुलगा गाडीखाली शिरून फडक्याने पांढरी पावडर पुसत होता. शेजारी काळ्या रंगाचा डबा उघडा होता.