बाईच्या शास्त्रातला समास

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

उपासनेहून आले आणि भावाला फोन लावला. ज्वारी पेरली का म्हणून विचारलं. "कशाची पेरणी! वाफसाच नाही अजून. पाय घातला की ढोपरापर्यंत आत जातोय," म्हणाला. सप्टेंबरातल्या पावसानं नेवाशाकडची काळी रानं अजून वाळलेली नाहीत. बाई असती तर ही बातमी मला आठवडाभर आधीच कळली असती. तिच्या फोनवर पहिलं रान, मग मंडळी म्हणजे आमचं चर्च, आणि सगळ्यात शेवटी घरातल्या माणसांची खुशाली.

बाई म्हणजे माझी आई. आमच्याकडं आईला बाईच म्हणतात. ती मार्चमध्ये प्रभूकडं गेली, चौऱ्याण्णव वर्षांची होऊन. वयाचा पुरावा एकच, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातली १९३१ सालची नोंद. अमेरिकन मराठी मिशनचं नगरमधलं काम १८३१ साली सुरू झालं, म्हणजे बाईचा बाप्तिस्मा बरोबर शंभर वर्षांनी. पाळकसाहेबांनी हे एकदा तिला सांगितलं, तेव्हा तिला इतका आनंद झाला की पुढं कित्येक दिवस येईल त्याला ती हे सांगत होती. १९७० साली उत्तर भारत मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, पाट्या बदलल्या, पण तिच्या तोंडात शेवटपर्यंत 'मिशन'च राहिलं.

माती झाल्यावर सामानाची वाटणी झाली. मी तिचं शास्त्र, म्हणजे बायबल, मागून घेतलं. १९४९ साली लग्नात मिळालेलं ते जाड पुस्तक, दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या पटक्याच्या कापडात शिवलेलं. चुलीच्या वरच्या कोनाड्यात पन्नास वर्षं राहिल्यामुळं पान उलटलं की अजून धुराचा वास येतो. सात महिने मी ते कपाटात नुसतं ठेवलं होतं. आज दुपारी काढलं आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही.

बाई मिशनच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकली. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायची. लिहिणं तिला जड जायचं, पण या शास्त्राच्या समासात तिनं सत्तर वर्षं पेन्सिलीनं, मिळेल त्या शाईनं लिहिलं आहे. शिकवण नाही, प्रार्थना नाहीत, सगळा हिशेब रानाचा. 'म्हैस व्याली.' 'मृग कोरडा गेला.' 'ज्वारी ७ पोती, कडबा ४०० पेंढी.' लहानपणी मला वाटायचं, घरात वही नाही म्हणून ती इथं लिहिते. आज ओळीनं वाचलं तेव्हा ध्यानात आलं की जागा ती निवडून घ्यायची.

पासष्टावं स्तोत्र देव जमिनीला पाणी पाजतो, सऱ्या भिजवतो असं सांगणारं. त्याच्या शेजारी लिहिलंय, 'विहिरीला पाणी लागलं, सात परस.' रूथच्या दुसऱ्या अध्यायात ती परकी विधवा दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. तिथं समासात, 'सरव्याला चार बाया आल्या. येऊ दिल्या.' हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ज्वारीची काढणी झाली की राहिलेली कणसं बाई स्वतः उचलायची नाही. दादा कुरकुरायचे, आपल्याच घरात पुरवठा नाही म्हणून. ती म्हणायची, "ते आपलं नाहीच, शास्त्रात लिहिलंय." तेवढ्या एका बाबतीत तिनं दादांचं कधी ऐकलं नाही.

आमचं रान साडेतीन एकर, मूळचा हाडोळा, महारवतनाची जमीन. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली आणि आजोबांनी पैसे भरून ती नावावर करून घेतली. पेरणीला दादा बैल हाकायचे आणि पाभरीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या तोंडावर, मूठ बाईची. पहिली मूठ धरण्याआधी ती बांधावर चपला काढून डोळे मिटायची. दहा-पंधरा श्वास, जास्त नाही. मग ओटीतलं बी हातात घ्यायची आणि बोटांमधून ते इतकं सारखं सुटायचं, की उगवण झाल्यावर ओळीत कुठं खाडा दिसायचा नाही. आसपासचे लोक चांगल्या पेरणीसाठी तिला मुद्दाम बोलवायचे. नक्षत्रं तिला तोंडपाठ होती, हस्ताचा पाऊस पडला की मालदांडी ज्वारी पेरायची हे ठरलेलं. एका नव्या धर्मशिक्षकानं तिला विचारलं होतं, ख्रिस्ती माणसानं नक्षत्रं कशाला बघायची? ती म्हणाली, ती पण त्यानंच टांगलीत ना वर.

कापणीच्या सणाला ती देवळात काय न्यायची, ते मला वजनासकट आठवतं. पायलीभर ज्वारी, पाच कणसांची जुडी, डांगर, आणि एक कोंबडी, पाय बांधलेली. उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव व्हायचा, पैसे मंडळीला. एका वर्षी तिनंच दिलेली कोंबडी तिनंच लिलावात पाच रुपये जास्त बोलून परत घेतली, कारण ती अंड्यावरची होती आणि आणल्यावर तिला वाईट वाटायला लागलं होतं. देणं दिलंच होतं, वर पाच रुपयेही दिले. मला यात तिचा सगळा स्वभाव दिसतो.

आमच्यात एक गोष्ट बराच काळ दुखत राहिली, ती पण लिहिते. थोरला भाऊ हुशार. शिष्यवृत्तीचा फॉर्म आला तेव्हा शाळेतल्या एका माणसानं सुचवलं, जातीच्या रकान्यात हिंदू महार लिहा, पैसे मिळतील. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. शिखांना १९५६ साली मिळाल्या, बौद्धांना १९९० साली, आम्हाला आजपर्यंत नाहीत. गावात आमचं पाणी वेगळं होतं तेव्हा ख्रिस्ती म्हणून कुणी सूट दिली नव्हती, आणि फॉर्मात मात्र आमची जात गेलेली! मला याचा राग आजही येतो. बाईनं 'ख्रिस्ती' लिहायला लावलं. भावाची शिष्यवृत्ती गेली. तो वर्षानुवर्षं तिच्याशी कामापुरतं बोलायचा. त्या साली समासात एवढंच आहे, मत्तय दहाव्या अध्यायाशी, जिथं माणसांसमोर मला पत्करील त्याला मीही पत्करीन असं प्रभू म्हणतो: 'पोराचं नुकसान झालं. मला माफ कर.' माफी कुणाची मागितली, देवाची की पोराची, हे मला कळलेलं नाही. मघाशी फोनवर भावाला वाचून दाखवलं. पलीकडं बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाला, फोटो पाठव त्या पानाचा.

मग मी १९७२ च्या दुष्काळाची नोंद शोधायला लागले. तेव्हा मी चार वर्षांची होते. मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची, तांबडी भाकरी आठवते, थापताना कडा फाटणारी आणि गिळताना घशाला लागणारी. खडीच्या दुष्काळी कामावर खायला मिळणारी सुकडी बाई पदरात बांधून आणायची, स्वतः न खाता, आणि ती गोड लागायची म्हणून आम्ही तिची वाट बघायचो. सकाळी अंधारात जायची, पाझर तलावावर माती वाहायची, नाहीतर हातोडीनं खडी फोडायची. संध्याकाळी बोटांना चिंध्या गुंडाळून शास्त्र उघडायची. एवढं सगळं झालं त्या वर्षाची नोंद कुठंच कशी नाही, म्हणून स्तोत्रं चाळली, ईयोब चाळला. ईयोबात माझ्या आधीच्या दोन गेलेल्या भावंडांच्या तारखा आहेत, दुष्काळ नाही.

तो सापडला हबक्कूकच्या शेवटच्या पानावर. एवढंसं पुस्तक, तीन अध्यायांचं, मीही नीट कधी वाचलं नव्हतं. अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं ते वचन. त्याच्या शेजारी पेन्सिलीनं, कागद खरवडेल इतकं दाबून: 'बैल विकले.'

तिनं कधी सांगितलं नाही की बैल नेताना ती रडली. बहीण सांगते, ती तीन दिवस गोठ्याकडं गेली नव्हती.

त्याच समासात थोडं खाली, निळ्या शाईत, अक्षर जरा मोठं: '१९७४. बैल घेतले. एक रोख, एक उधार.'