विनाकारण गलका

दुपारची जेवणं आटोपली की हेडफोन लावून आडवं व्हायचं आणि जुनी लाइव्ह रेकॉर्डिंगं ऐकायची, असा ज्यांचा नेम आहे त्यांना हा अनुभव नवा नाही. गाणं आपलं सरळ चाललेलं असतं. ताल तोच, सूर तोच, गायकानं एखादी वेगळी जागा घेतली म्हणावं तर तेही नाही. आणि मधेच साठ-सत्तर हजार माणसं एकदम ओरडतात. का ओरडली? टेपला विचारून उपयोग नाही. मायकल जॅक्सनच्या बाबतीत तर हे दर दोन मिनिटांनी होतं. त्यानं टोपी फेकली असेल, पाय मागं सरकवला असेल, किंवा नुसती मान वळवली असेल. आपल्या वाट्याला आला तो गलका.

आता एवढा मोठा गायक, पण त्याच्या हयातीत त्याचा एकट्याचा असा एकही लाइव्ह अल्बम अधिकृतपणे निघाला नाही. १९८१ सालचा दुहेरी एलपी आहे, पण तो पाच भावांचा, ‘द जॅक्सन्स’च्या नावावरचा. पुढं बॅड टूर झाली: १२ सप्टेंबर १९८७ला टोकियोत सुरू आणि २७ जानेवारी १९८९ला लॉस एंजेलिसमध्ये समाप्त, एकूण १२३ कार्यक्रम. मग डेंजरस टूर. मग हिस्टरी टूर, प्राग ते डर्बन, ८२ कार्यक्रम. एवढी विमानं भरून सामान जगभर फिरलं आणि दुकानात मांडायला एक लाइव्ह कॅसेट नाही. २००९मध्ये तो गेल्यावर तालमींचा चित्रपट आला, त्याच्या जोडीनं दोन सीडींचा अल्बमही आला. चाहत्यांनी तो घाईघाईनं उघडला, तर आत बहुतेक जुनीच स्टुडिओतली गाणी.

चाहते याचं खापर रेकॉर्ड कंपनीवर फोडतात. मला तसं वाटत नाही. त्याच्या कार्यक्रमातून चित्र काढून घेतलं की उरतं काय, हे त्यालाच सगळ्यात आधी कळलं असणार.

डेंजरस टूरमधली बुखारेस्टची १ ऑक्टोबर १९९२ची रात्र घ्या. रंगमंचाखालच्या लिफ्टमधून तो टोस्टसारखा वर उडतो; या यंत्राला चाहत्यांत नावच ‘टोस्टर’ आहे. उतरतो आणि पुतळ्यासारखा उभा राहतो. मिनिटभराहून जास्त वेळ काहीही करत नाही. मग मान वळवतो. आणखी थोड्या वेळानं काळा चष्मा काढतो. एवढ्यावर लोक बेशुद्ध पडतायत, स्वयंसेवक त्यांना उचलून नेतायत. पडद्यावर हे बघताना श्वास रोखला जातो. हेच एलपीवर घातलं असतं तर पहिल्या बाजूच्या बावीसएक मिनिटांतली दोन मिनिटं नुसत्या किंचाळण्यात गेली असती, आणि सुई अडकली की काय म्हणून माणसं उठून बघत बसली असती.

‘स्मूथ क्रिमिनल’ या गाण्यातल्या पुढं झुकण्याच्या करामतीचं तेच. शरीर काठीसारखं ताठ ठेवून पंचेचाळीस अंशांच्या आसपास पुढं कलायचं. सिनेमात ते तारा लावून साधलं होतं. रंगमंचावर तारा नकोत म्हणून बूटच वेगळा केला. टाचेच्या तळाला खाच, आणि नेमक्या क्षणी फळ्यांतून वर येणारी खुंटी. पाय पुढं सरकवून खाच खुंटीत अडकवायची, मग कलायचं, परत येताना पाय मागं घेऊन सोडवायची. घोटा धरून ठेवायला बूट उंच. तरी निम्मं काम पोटऱ्यांचं आणि पाठीचं. खुंटी माणसाला उभं करत नाही, फक्त पडू देत नाही. १९९३मध्ये त्याला दोन वेशभूषाकारांसोबत याचं अमेरिकन पेटंट मिळालं, क्रमांक ५२५५४५२. ऑडिओत या सगळ्याचं काय होतं? गाण्याच्या मधल्या तुकड्यात काही सेकंद एक प्रचंड आरोळी येते. बस.

सगळ्यात गमतीचं उदाहरण १९८३चं. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण २५ मार्चला पॅसाडीनात झालं. भावांबरोबरची जुनी गाणी त्यानं माइकवर गाऊन दाखवली. नंतर एकटा उभा राहिला तो ‘बिली जीन’साठी, आणि ते पूर्ण टेपवर वाजलं. गाण्याच्या मधे, शब्द नसलेल्या जागी, प्रेक्षागृहातून जी किंकाळी येते ती मूनवॉकची, म्हणजे पुढं चालतोय असं दाखवत मागं घसरण्याची. म्हणजे त्याच्या कारकिर्दीतल्या सर्वांत गाजलेल्या लाइव्ह क्षणात लाइव्ह आवाज आहे तो प्रेक्षकांचाच.

इथं प्लेबॅकचा, म्हणजे आधी भरलेल्या टेपवर नुसते ओठ हलवण्याचा, वाद निघतोच, तो टाळता येत नाही. १९८७-८८चा बॅड टूरमधला मायकल गातो, दमतो, श्वास घेतो, कुठं शब्द गिळतो. १९९६-९७च्या हिस्टरी टूरमध्ये बरीचशी गाणी टेपवर चालतात. यावर चाहत्यांचे दोन तट आहेत आणि दोन्हीकडची मंडळी हट्टी. पण ठरवायची रीत दोघांची एकच. पहिली खूण माइकचं अंतर. माणूस गर्रकन फिरला की तोंड माइकपासून हलतं, आवाजाची पातळी पडते, ‘प’ आणि ‘ब’ माइकवर फुटतात. फिरूनही आवाज जागचा हलला नाही तर समजून जावं. दुसरी खूण उचक्या आणि हुंकार. सोल आणि म्युनिक, दोन्ही ठिकाणचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवले गेले होते. दोन्हीकडं तोच हुंकार त्याच मात्रेवर आला तर तो त्या रात्रीचा नव्हे.

ज्यांना फारच खाज असते ते तिसरी परीक्षा घेतात. दोन रात्रींचं तेच गाणं संगणकावर एकाखाली एक ठेवायचं, सुरुवात अचूक जुळवायची आणि एकाची फेज, म्हणजे ध्वनिलहर, उलटी करायची. दोन्हींत जे सारखं असेल ते एकमेकांना खाऊन टाकतं. आवाज गायब झाला तर तो टेपचा. म्हणायला सोपं. प्रत्यक्षात एक नक्कल कॅसेटवरून आलेली असते, कॅसेटचा वेग डुगडुगतो, आणि दहा सेकंदांत जुळणी सुटून सगळं पिंपात बोलल्यासारखं ऐकू येतं.

वेगाचं हे दुखणं जुनं आहे. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर सरकायला हवी. मोटर सहा टक्के जोरात चालली की गाणं एका अर्ध्या सुरानं वर चढतं. मग ‘त्या रात्री तो वरच्या पट्टीत गायला’ अशी दंतकथा तयार होते. खरी पट्टी शोधायची तर टेपमागची विजेची गुणगुण पकडावी. युरोपात आणि आपल्याकडं ती ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०. विश्लेषणात ती ५३ला दिसली तर टेप सहा टक्के पळतेय, तेवढी मागं खेचा. एकच पथ्य: ती गुणगुण मूळ रेकॉर्डिंगच्या वेळची हवी. नंतर नक्कल करणाऱ्याच्या डेकनं घातलेली असेल तर तुम्ही गाण्याऐवजी त्या डेकचा वेग दुरुस्त करून बसाल. आणि जिथं गाणं प्लेबॅकवर आहे तिथं काम आणखी सोपं, कारण स्टुडिओतली मूळ पट्टी हाताशीच असते. प्लेबॅकच्या नावानं बोटं मोडणारेही वेग दुरुस्त करताना त्याच गाण्यांचा आधार घेतात, ते मात्र कुणी बोलून दाखवत नाही.

२०१२मध्ये अखेर एक अधिकृत लाइव्ह सीडी आली: लंडनचं वेम्बली स्टेडियम, १६ जुलै १९८८. त्या उन्हाळ्यात तिथं सात रात्री झाल्या, मिळून पाच लाख चार हजार प्रेक्षक. या रात्री प्रिन्स चार्ल्स आणि डायना हजर होते. आवाज मल्टिट्रॅकवरून, म्हणजे प्रत्येक वाद्य आणि गळा वेगळा भरलेल्या टेपवरून, नव्यानं मिक्स केलेला. सोबतच्या डीव्हीडीतलं चित्र मात्र मायकलच्या स्वतःच्या व्हीएचएस कॅसेटवरून घेतलेलं, कारण मूळ चित्रफिती सापडल्या नाहीत. तो त्या रात्री मैदानातल्या मोठ्या पडद्यावर दाखवलेला फीड होता. लांब बसलेल्याला चेहरा दिसावा म्हणून जो पडदा लावतात त्याचा कॅमेरा पायांकडं कमीच वळणार. म्हणजे चोवीस वर्षं वाट पाहून चित्र मिळालं, तरी काही गलके पुन्हा विनाकारणच राहिले.

गलका टेपवर येतो कसा, हेही बघण्यासारखं आहे. गायकाचा माइक मुद्दाम जवळचंच ऐकणारा असतो, त्यात प्रेक्षक फारसे येत नाहीत. म्हणून मिक्सिंग डेस्कवरून, म्हणजे सगळे माइक जिथं एकत्र येतात तिथून, थेट घेतलेली टेप कोरडी लागते, रिकाम्या मैदानात गायल्यासारखी. प्रेक्षकांसाठी वेगळे माइक लावतात: काही रंगमंचाच्या कडेला लोकांकडं तोंड करून, काही मागं डेस्कपाशी. मागचे माइक चौतीसएक मीटरवर असतील तर आवाज तिथं पोचायला सेकंदाचा दहावा भाग घेतो. तेवढं मागं न सरकवता मिसळलं की प्रत्येक ठेका दोनदा ऐकू येतो. आणि या माइकांचा आवाज कमी-जास्त करणं ज्याच्या हातात असतं त्याला मोह आवरत नाही. अमेरिकन गायक जॉनी कॅशचा फॉल्सम तुरुंगातला १९६८चा कार्यक्रम आठवा. खुनाच्या ओळीवर कैदी जल्लोष करतात, ऐकून अंगावर काटा येतो. तो जल्लोष नंतर जोडलेला आहे. खरे कैदी बिचारे पहारेकऱ्यांसमोर अशा ओळीला ओरडण्याच्या फंदात पडले नाहीत.

मराठी कानाला खरं तर हे सगळं परकं वाटायला नको. बैठकींच्या खाजगी टेपा जमवणारे लोक आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ‘कुणाला देणार नसशील तर भरून देतो’ अशी शपथ घालून दिलेली कॅसेट पुढच्या आठवड्यात चौघांकडं असते. पण तिथली दाद सकारण असते. आधी तान येते, मग ‘वाहवा’. समेवर आला की मान हलल्याचं जवळजवळ ऐकू येतं. ऐकणाऱ्याला दादेचं मूळ टेपवरच सापडतं. त्यामुळं बैठकीची टेप पूर्ण असते आणि पॉपच्या मैदानातली नेहमी अर्धी. हा भेद मला फार दिवस महत्त्वाचा वाटत आलाय, पण त्यातून पुढं काय निघतं ते काही हाती लागत नाही. असो.

एक तांत्रिक कुरकुर मधेच करून घेतो. लाइव्ह अल्बम एमपीथ्री करून ऐकू नये, निदान तुकडे पाडून तरी नको. एमपीथ्री आवाजाचे ठरावीक मापाचे तुकडे करतं, एकेक तुकडा सव्वीस मिलिसेकंदांचा. गाण्याची लांबी त्या पटीत बसली नाही की पुढंमागं शांतता भरतं. स्टुडिओच्या गाण्यांत ती कळत नाही. टाळ्यांच्या मधोमध मात्र टच्‌कन खड्डा पडतो, सत्तर हजार माणसं एकाच वेळी उचकी लागल्यासारखी गप्प होतात. प्लेअरमध्ये ‘गॅपलेस’चा पर्याय असेल तर तो चालू करावा, नाहीतर आवाज जसाच्या तसा ठेवणाऱ्या फ्लॅक फाइलमध्ये ठेवावं.

तर मुंबई. १ नोव्हेंबर १९९६, अंधेरीचं क्रीडासंकुल. शिव उद्योग सेनेनं आणलेला कार्यक्रम, विमानतळावर नऊवारीतल्या सोनाली बेंद्रेनं केलेलं औक्षण, ‘मातोश्री’वरची भेट, करमणूक कराच्या सवलतीवरून गाजलेली कोर्टबाजी, हे किस्से मुंबईत सगळ्यांना पाठ आहेत. आवाज मात्र हाती लागत नाही. हिस्टरी टूरचा एकही कार्यक्रम आजवर अधिकृत अल्बम म्हणून आलेला नाही, तिथं मुंबईचा कुठून येणार?

आणि समजा आला, तर त्यात काय असेल? टेपवरची गाणी म्युनिकमध्ये जशी तशीच इथं. ‘बिली जीन’च्या आधी तो पेटी घेऊन येतो, स्टुलावर ठेवतो, आतून चमचमता सदरा काढतो, हातमोजा काढतो, शेवटी टोपी. तोवर वाद्य वाजत नाही. त्या शांततेत एकेका वस्तूला अंधेरीनं जी आरोळी दिली असेल तेवढीच या शहराची. डेस्कवरच्या टेपमध्ये ती सगळ्यात कमी आलेली असणार. हवी ती प्रेक्षकांतल्या कुणीतरी खिशातल्या वॉकमनवर घेतलेली, शेजारच्याच्या ‘अरे खाली बस ना’सकट.

अशी कॅसेट कुणाच्या माळ्यावर असलीच तर उत्साहानं लगेच डेकमध्ये घालू नका. तीस वर्षांत आतल्या स्पंजच्या गादीचा गोंद सुकून ती गळालेली असते. तसंच वाजवलं की टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबका येतो. स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून टेप चांगल्या पेटीत बदलावी, एकदा पुढं-मागं फिरवून सैल करावी, हेडचा कोन कानानं जुळवावा आणि पहिल्याच वाजवण्यात संगणकावर उतरवून घ्यावी. नव्वद मिनिटांची कॅसेट असेल तर पंचेचाळीसाव्या मिनिटाला बाजू बदलताना एखादं गाणं गेलेलंच असणार. बहुतेक नेमकं तेच.