बातमीच्या वहीतून शिफारशीच्या वहीत

ग्रंथालयातील माझ्या टेबलावर दोन वह्या असतात. पहिलीत प्रकाशनविश्वातील बातम्यांची टिपणे असतात: कोणते पुस्तक कोणत्या महिन्यात येणार आहे, कोणत्या जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे, कोणाचा अनुवाद कोणी केला आहे, कोणत्या पुरस्काराची लघुयादी जाहीर झाली आहे. दुसऱ्या वहीत मी वाचकांना सुचवते ती पुस्तके असतात. पहिली वही वर्षातून दोनदा भरते. दुसरी गेली कित्येक वर्षे तीच आहे आणि तिची बरीच पाने अजून कोरी आहेत. पहिल्या वहीतले नाव दुसरीत जाण्यासाठी एकच अट मी ठेवली आहे: ते पुस्तक मी स्वतः किंवा माझ्या एखाद्या सहकाऱ्याने उघडून, निदान निम्मे तरी वाचलेले असले पाहिजे.

ही अट सुरुवातीपासून नव्हती. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत सर्वत्र नावाजल्या जाणाऱ्या एका नव्या कादंबरीचे परीक्षण वाचून आणि मलपृष्ठावरच्या मजकुरावर विसंबून मी ती एका वाचक बाईंना दिली. त्यांना काहीतरी हळुवार, मन रमवणारे वाचायला हवे होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुस्तक परत आणून दिले आणि फारसे काही न बोलता निघून गेल्या. ती कादंबरी मुलाच्या मृत्यूभोवती फिरणारी होती आणि त्यांच्या घरात काही महिन्यांपूर्वी तसेच दुःख घडून गेले होते, हे मला नंतर कळले. परीक्षणात त्या मृत्यूचा उल्लेख नव्हता, कारण कथानक उघड करू नये असा परीक्षकांचा संकेत असतो आणि तो योग्यच आहे. चूक माझी होती. पुस्तक आल्याची बातमी आणि ते पुस्तक कोणाच्या हाती द्यावे याचा निर्णय या दोन गोष्टी मी एकच समजले होते.

तरीही बातमी हवीच. पुस्तकांच्या व्यवसायाची वार्तापत्रे आणि ग्रंथपालांची नियतकालिके दीडशे वर्षे टिकून आहेत ती याच गरजेपोटी. ‘पब्लिशर्स वीकली’ १८७२ मध्ये सुरू झाले, ‘लायब्ररी जर्नल’ १८७६ मध्ये आणि ग्रंथालयांसाठी परीक्षणे छापणारे ‘बुकलिस्ट’ १९०५ मध्ये. अशा नियतकालिकांतील बरीच परीक्षणे पुस्तक बाजारात येण्याच्या आधी छापली जातात, कारण ग्रंथालयाला मागणी नोंदवणे, पुस्तक येणे, दाखल करणे, वर्गीकरण करणे आणि कपाटात लावणे यासाठी वेळ लागतो. वाचक पुस्तकाचे नाव घेऊन दारात येईल तेव्हा ते आपल्याकडे असावे, किंवा निदान त्याची मागणी गेलेली असावी, एवढा या वाचनाचा थेट उपयोग आहे. मात्र प्रकाशनपूर्व मजकुरात प्रकाशकाचा उत्साह मिसळलेला असतो, आणि ज्या पुस्तकाच्या प्रसिद्धीसाठी पैसा राखून ठेवलेला आहे त्याचा आवाज मोठा असतो. छोट्या प्रकाशकाचे चांगले पुस्तक त्याच आठवड्यात आलेले असले तरी ते शोधावे लागते, आणि हा शोध ग्रंथपालाने नेटाने केला पाहिजे असे मला वाटते.

बातमी आणि शिफारस यांतले अंतर पुसले गेले की काय होते, याचे उदाहरण मे २०२५ मध्ये सगळ्यांसमोर आले. अमेरिकेतील ‘शिकागो सन-टाइम्स’ या वृत्तपत्राच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचण्याजोग्या पंधरा पुस्तकांची यादी छापून आली. त्यांतील दहा पुस्तके अस्तित्वातच नव्हती. लेखकांची नावे खरी आणि वाचकांच्या परिचयाची होती, पुस्तकांची नावे त्या त्या लेखकाला शोभतील अशी होती, प्रत्येकाखाली कथानकाचा नेटका सारांशही होता, आणि हे सर्व कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने रचलेले होते. मजकूर बाहेरच्या पुरवठादाराकडून आला होता आणि छापण्यापूर्वी कोणीही तो पडताळला नव्हता. या प्रकरणात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, ती यादी वाईट वाटत नव्हती. एखाद्या जाणकाराने केली असावी इतकी ती पटण्याजोगी होती. पंधरांपैकी एक जरी पुस्तक कोणी हातात धरले असते तर त्याला उरलेलीही पाहावीशी वाटली असती आणि खोटेपणा तासाभरात उघडा पडला असता.

अशा याद्या वाचून वाचक आपल्याकडेच येतात. पुस्तक सापडले नाही की आपली सूची अपुरी आहे किंवा शोधणारा हलगर्जी आहे असे त्यांना वाटते, आणि छापलेल्या कागदावर त्यांचा विश्वास असल्यामुळे त्यांना दोषही देता येत नाही. म्हणून पडताळणीची सवय हाताला लागली पाहिजे. मी आधी प्रकाशकाची स्वतःची सूची पाहते, मग एखाद्या राष्ट्रीय ग्रंथालयाची किंवा अनेक ग्रंथालयांची संयुक्त सूची, आणि मग आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक. १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक तेरा अंकी झाला, आणि त्यातला शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून गणिताने निघत असल्यामुळे मनाने रचलेला क्रमांक बहुधा तिथेच अडतो. अर्थात क्रमांक खरा असला तरी पुस्तक विश्वासार्ह असतेच असे नाही. २०२३ मध्ये यंत्राने लिहिलेली रानातील अळंबी ओळखण्याची मार्गदर्शके विक्रीस आल्याचे उघड झाले होते, आणि अशा विषयात चुकीची माहिती जिवावर बेतू शकते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अ‍ॅमेझॉनने आपल्या स्वयंप्रकाशन सेवेवर एका लेखकाला दिवसाला तीनच नवी पुस्तके टाकता येतील अशी मर्यादा घातली. दिवसाला तीन पुस्तके ही मर्यादा म्हणून सांगावी लागते, यावरूनच या पुराचा वेग लक्षात यावा. आरोग्य, आहार, कायदा आणि निसर्गओळख या विषयांवरचे पुस्तक घेताना लेखकाचे यापूर्वीचे काम सापडत नसेल तर मी ते थांबवून ठेवते. वाचकाची मागणी असली तरीही.

प्रकाशनाच्या बातम्यांत सर्वांत कमी वाचला जाणारा भाग व्यवहाराचा असतो, आणि आपल्या कामावर सर्वांत खोल परिणाम तोच करतो. १८२८ पासून चालत आलेल्या ‘बेकर अँड टेलर’ या अमेरिकी ग्रंथपुरवठादार संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपण काम बंद करत असल्याचे जाहीर केले. ज्या ग्रंथालयांना तिथून नोंदी, आवरण आणि लेबलांसह थेट कपाटात लावण्याजोगी पुस्तके मिळत होती, त्यांच्या रखडलेल्या मागण्या दुसरीकडे वळवाव्या लागल्या आणि जे काम बाहेरून होऊन येत होते ते पुन्हा आत, कर्मचाऱ्यांच्या अंगावर आले. एखाद्या गाजलेल्या कादंबरीची बातमी महिनाभर टिकते, पण एकाच पुरवठादारावर किती विसंबावे हा प्रश्न या बातमीने दीर्घ काळासाठी पुढ्यात ठेवला आहे.

ई-पुस्तकांचेही तसेच. छापील पुस्तक विकत घेतले की ते ग्रंथालयाचे होते आणि शिवण उसवेपर्यंत देवघेवीत फिरते. ई-पुस्तकाचा बहुतेक वेळा परवाना मिळतो आणि अटी प्रकाशक ठरवतो. २०११ मध्ये हार्परकॉलिन्सने एक ई-प्रत २६ वेळा दिली गेली की परवाना संपेल असा नियम आणला. १ नोव्हेंबर २०१९ पासून मॅकमिलनने नव्या ई-पुस्तकाची पहिल्या आठ आठवड्यांत एका ग्रंथालय-व्यवस्थेला, ती कितीही मोठी असली तरी, एकच प्रत देण्याचे धोरण लागू केले. अनेक ग्रंथालयांनी त्या प्रकाशकाची नवी ई-पुस्तके घेणे थांबवले आणि मार्च २०२० मध्ये ते धोरण मागे घेतले गेले. या अटींचा शिफारशीशी थेट संबंध आहे. एखाद्या पुस्तकाची तोंडभरून स्तुती करायची आणि वाचकाला रांगेत ताटकळत ठेवायचे, हे मला पटत नाही. म्हणून राखीव नोंदी लांबलेल्या दिसल्या की मी त्या पुस्तकाच्या शेजारी त्याच लेखकाचे एखादे जुने किंवा त्याच वळणाचे दुसरे पुस्तक सुचवते. जुनी पुस्तके आपल्याकडे असतात, त्यांच्यासाठी रांग नसते, आणि वाचकासाठी न वाचलेले प्रत्येक पुस्तक नवेच असते.

खरेदी आणि वाचन यांतली दरी किती मोठी असू शकते, हे पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या अभ्यासातून १९७९ मध्ये पुढे आले. १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही देवघेवीत गेली नव्हती. ते विद्यापीठाचे ग्रंथालय होते, आणि न फिरलेले पुस्तक निरुपयोगीच असते असेही नाही. संशोधनाचे एखादे पुस्तक वीस वर्षांनी एकाच माणसाला लागते आणि तेव्हा ते तिथे असावेच लागते. तरीही हा आकडा वाचल्यापासून, न फिरलेले पुस्तक बाद करण्याच्या यादीत टाकण्याआधी ते कोणी कोणाला सुचवले तरी होते का, असा प्रश्न मी विचारते. बहुतेक वेळा उत्तर नाही असेच येते. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे सांगते आणि तिसरे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे. दुसऱ्या सूत्राकडे आपण सगळेच लक्ष देतो, कारण वाचक येऊन विचारतो. पुस्तक विचारत नाही, त्यामुळे तिसरे मागे पडते.

शिफारशीची सुरुवात मी विषयापासून करत नाही. शेवटचे कोणते पुस्तक आवडले आणि त्यातले काय आवडले, असे विचारते. अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी पुस्तकात शिरण्याची चार दारे सांगितली आहेत: कथा, पात्रे, स्थळकाळ आणि भाषा. कोणत्या वाचकासाठी कोणते दार मोठे आहे हे त्याच्या उत्तरातूनच उमगते. ‘हातातून सुटतच नव्हते’ असे म्हणणाऱ्याला कथेचा वेग हवा असतो. ‘त्या म्हाताऱ्याची आठवण अजून येते’ असे म्हणणाऱ्याला पात्रे हवी असतात. आणि एखादा वाचक वाक्ये उतरवून घेतलेला कागदच खिशातून काढतो. एका गृहस्थांनी मला युद्धावरची पुस्तके मागितली होती. तीन पुस्तके परत आणल्यावर बोलता बोलता कळले की त्यांना लढायांत रस नव्हता, बर्फात अडकलेली माणसे एकमेकांशी कशी वागतात ते वाचायचे होते. त्यांना ध्रुवीय मोहिमांच्या दैनंदिन्या दिल्या आणि पुढचे सहा महिने ते त्याच कपाटाजवळ दिसत. विषयवार सूचीने त्यांना तिथे कधीच नेले नसते.

पर्ल यांचा पन्नास पानांचा नियमही मी वाचकांना आवर्जून सांगते: पन्नास पाने वाचून पुस्तक धरत नसेल तर ते खुशाल सोडावे, आणि वय पन्नासच्या पुढे गेले असेल तर शंभरातून वय वजा करून उरतील तेवढीच पाने वाचावीत. अर्धवट सोडलेले पुस्तक परत करताना लोक अपराध्यासारखे उभे राहतात. त्यांचा तो संकोच घालवणे हे मी माझ्या कामाचाच भाग मानते.

सहकारी ग्रंथपालांना काय वाचावे असे सुचवायचे झाले, तर पुरस्कारविजेत्या पुस्तकाऐवजी मी लघुयादी सुचवेन. विजेत्याची बातमी सगळीकडे पोहोचते. यादीतली उरलेली पाच पुस्तके आठवड्याभरात विसरली जातात, आणि त्यांतलेच एखादे आपल्या वाचकाला अधिक जवळचे असते. आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराची यादी मी दरवर्षी संपूर्ण वाचायचा प्रयत्न करते. २०१६ पासून हा पुरस्कार इंग्रजीत अनुवादित झालेल्या एका पुस्तकाला दिला जातो आणि त्याचे ५०,००० पौंड लेखक व अनुवादक यांच्यात समान वाटले जातात. २०२२ मध्ये तो गीतांजली श्री आणि डेझी रॉकवेल यांना हिंदी कादंबरीसाठी मिळाला, २०२५ मध्ये बानू मुश्ताक आणि दीपा भास्ती यांना कन्नड कथांसाठी, आणि कथासंग्रहाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. कथासंग्रह वाचले जात नाहीत असे म्हणत आपण ते कमी घेतो. या निवडीनंतर मी आमच्या कथासंग्रहांचे कपाट पुन्हा पुढे आणले. अनुवादकाचे नाव नोंदीत शोधता येईल असे टाकावे, ही माझी जुनी विनंती आहे. एका अनुवादकाच्या हातावर विश्वास बसलेला वाचक त्याच नावामागून तीन निरनिराळ्या भाषांत जाऊन येतो.

सामूहिक शिफारशीचा एक चांगला नमुना म्हणजे २०१३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला ‘लायब्ररीरीड्स’ हा उपक्रम. सार्वजनिक ग्रंथालयांतले कर्मचारी आगाऊ प्रती वाचतात, मते देतात आणि दर महिन्याला येणाऱ्या पुस्तकांची यादी तयार होते. तिथे नव्या पुस्तकाची बातमी आणि वाचलेल्या माणसाचा शब्द एकत्र येतात. एवढी मोठी व्यवस्था नसली तरी चार ग्रंथालयांतले सहा-सात जण मिळून हे करू शकतील.

माझ्या दुसऱ्या वहीत अलीकडे मी एक रकाना वाढवला आहे. पुस्तक कोणत्या तऱ्हेच्या वाचकाला दिले हे आधी लिहीत होतेच, वाचकाचे नाव न लिहिता. आता ते परत आले तेव्हा तो काय म्हणाला तेही लिहिते. ‘शेवट घाईत उरकला’, ‘आईला वाचून दाखवले’, ‘छपाई फार बारीक’, ‘दुसरा भाग आहे का’. पुढच्या वेळी तेच पुस्तक कोणाला द्यायचे हे ठरवताना मी आधी हा रकाना वाचते आणि मग गरज वाटलीच तर परीक्षण.