माणशी अर्धं गंगाफळ

आमच्या खान्देशात जेवण मोजायची पद्धतच नाही. भाकरी किती झाल्या ते विचारायचं नाही, रश्श्याच्या वाट्या मोजायच्या नाहीत, आणि पाहुणा ताटावर हात आडवा धरून "बस बस" म्हणाला तर त्या हाताच्या कडेने पळी घालून वाढायचं. अशा घरात मी सध्या असं एक जेवण करतेय ज्यात माणशी अर्धं फळ, त्यात भरलेला खिमा, आणि विषय संपला. ताटात दुसरं काही मागायची सोय नाही.

कारण सरळ आहे, यांचा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट. डॉक्टरांनी कागदावर दोन ठिकाणी गोल केला आणि तो कागद मी फोनवर पोराला दाखवला. पोरगा अमेरिकेत ओहायोत असतो, एकटा राहतो, आणि एकटा राहणाऱ्या मुलांना स्वयंपाकाचं जे अचानक ज्ञान होतं ते त्यालाही झालंय. तिकडे ऑक्टोबर लागला की दुकानांबाहेर स्क्वॉशचे, म्हणजे भोपळ्याच्या जातीच्या फळांचे, ढीग लागतात म्हणे, त्यातलं एकॉर्न स्क्वॉश म्हणून एक गडद हिरवं, अंगावर धारा असलेलं छोटं फळ असतं, ते हा उभं कापतो, बिया खरवडतो, उपडं घालून २०० डिग्रीला पाऊण तास ओव्हनमध्ये ठेवतो, तोवर इकडे टर्कीचा नाहीतर कमी चरबीचा खिमा कांदा-लसणावर परततो आणि भरून परत १० मिनिटं आत. अर्धं आज खायचं, अर्धं उद्या डब्यात. मला त्यातलं हे डब्याचंच जास्त आवडलं, कारण आमच्या घरात उद्यासाठी म्हणून मटण कधी उरलेलं मी पाहिलेलं नाही.

तिकडे खिम्याच्या पाकिटावर ९३/७ असं छापलेलं असतं, म्हणजे १०० ग्रॅममध्ये चरबी ७ ग्रॅम. तिथल्या सरकारचा नियम आहे, १०० ग्रॅममागे चरबी १० ग्रॅमच्या आत असेल तर मांसाला लीन म्हणायचं आणि ५ च्या आत असेल तर एक्स्ट्रा लीन, शिवाय सॅच्युरेटेड फॅट आणि कोलेस्टेरॉलच्या अटी वेगळ्या. आता हे घेऊन मी आमच्या खाटिक भाऊंकडे गेले आणि म्हटलं, रानाचा, मांडीचा, खिमा द्या, चरबी सगळी काढून, तर त्यांनी सुरी खाली ठेवून विचारलं, "ताई, घरात कोणी आजारी आहे का?" त्यांचं बरोबर आहे. इथे गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर वरून चरबीचा एक तुकडा फुकट टाकतात, तर्रीला बरा पडतो म्हणून. तो तुकडा नको म्हणणारी बाई म्हणजे एकतर नवीन किंवा दुखणेकरी.

आणि खरं सांगू का, चरबी काढून आणल्यावर आपण घरी काय करतो ते बघण्यासारखं असतं. खोबऱ्याची वाटी गॅसवर धरून काळी होईपर्यंत भाजायची, कांदा भाजायचा, धने, लवंग, मिरी, दगडफूल, सगळं मिक्सरला नाहीतर पाट्यावर बारीक वाटायचं. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेलच असतं आणि तेही बरंचसं सॅच्युरेटेडच. म्हणजे खाटिक भाऊंनी जे काढून दिलं ते आपण वाटणातून परत आत सोडतो आणि वरून म्हणतो, हेल्दी केलंय. खोबरं अजिबात घालायचं नाही असं माझं म्हणणं नाही, खोबऱ्याशिवाय काळा मसाला म्हणजे नुसतं तिखट पाणी. पण भरायच्या खिम्याला रस्सा नसतो त्यामुळे वाटण फार लागतच नाही, एक चमचा पुरतं. बिनचरबीचा खिमा कोरडा पडतो हे मात्र खरं, दाताखाली वाळूसारखा लागतो, त्याला उपाय फळाच्या आतच आहे, पण ते पुढे सांगते.

आधी फळाचं. एकॉर्न स्क्वॉश जळगावात कुठे शोधणार. ढेमसं भरून पाहिलं, एकात दीड चमचा खिमा मावतो, माणसाने किती खायची? गिलकं, म्हणजे घोसाळं, शिजलं की अंगच सोडतं, त्याची भजीच बरी. दुधीचे जाड गोल कापून पोकळ केले तर छान होतं, रोजच्यासाठी मी तेच करते. पण खरी मजा गंगाफळाची, लाल भोपळ्याची हो. अडचण एवढीच की आमच्याकडे गंगाफळ बाजारात फोडी करून विकतात, अख्खं घ्यायचं तर मोठा दगड उचलून आणल्यासारखं वाटतं. मी भाजीवालीला म्हटलं, अगदी लहान दे, किलोभराचं, तर ती म्हणाली, "कवळं आहे ताई ते, घरात टिकायचं नाही." टिकवायचं कोणाला होतं.

घरी आणलं आणि सासूबाई उठून ओट्याजवळ आल्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसते, तेव्हा रोटांबरोबर चण्याच्या डाळीत गंगाफळाची भाजी असते, वर्षानुवर्षं तीच. त्या गंगाफळात खिमा? त्या मोठ्याने काही बोलल्या नाहीत, फक्त "कानबाईनं गंगाफळ" एवढं म्हणून माझ्याकडे बघत राहिल्या. मी काही वाद घातला नाही. हे फळ मुळात अमेरिका खंडातलं, मिरचीसारखंच कोलंबसानंतर समुद्रावरून इकडे आलेलं, आणि पोराच्या ओहायोतल्या फळाचं जवळचं भावंड, हे मला माहीत होतं पण सासूबाईंना ते सांगून काय फायदा, कानबाईने ते आपलं म्हटलंय ना, मग झालं. मी एक गंगाफळ वेगळं ठेवलं, वेगळी सुरी, वेगळी कढई, आणि त्यांच्या अर्ध्यात हरभऱ्याची डाळ भिजवून, जाडसर वाटून, जिरं-लसूण-हिरव्या मिरचीवर परतून भरली.

आता बघा, कच्च्या १०० ग्रॅमचा हिशेब केला तर मटणात आणि हरभऱ्याच्या डाळीत प्रोटीन साधारण सारखंच, २० ग्रॅमच्या आसपास. डाळ शिजताना पाणी पिते त्यामुळे ताटातला आकडा खाली येतो, पण फायबर डाळीत आहे आणि मटणात शून्य. म्हणजे कानबाईच्या नैवेद्याची भाजी हेल्दी डिनरच्या बाबतीत पोराच्या रेसिपीच्या फार मागे नाही. हे मी यांना सांगितलं तर हे म्हणाले, मग मला खिमाच दे.

भाजायचं कसं, तर उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास असताना घरात ओव्हन लावायचा विचारही मनात येत नाही. तेव्हा जाड तव्यावर कापलेली बाजू खाली करून, वर झाकण, मंद आच, अर्धा-पाऊण तास. पण थंडीत आमच्या शेतात भरताचा बेत झाला तेव्हा मला खरी जागा सापडली. बामणोदची ती पांढरट हिरवी मोठी वांगी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजलेली, ती भाजताना तेलाचा थेंब लागत नाही हे आपण विसरतो. तेल मागून येतं, बडजीत, म्हणजे लाकडी खोलगट भांड्यात, ठेचल्यावर, फोडणीला, कांद्याच्या पातीबरोबर, आणि मग एवढं येतं की ताटाला ओघळ सुटतो. तर जाळ विझल्यावर खाली जे निखारे राहिले त्यांच्या कडेला मी ते अख्खं गंगाफळ ठेवून दिलं आणि अधूनमधून फिरवत राहिले. आधी साल चकचकीत झाली, मग एका बाजूने काळी, मग देठापाशी बारीक चीर पडून तिथून गोडसर वाफ यायला लागली. सुरी घातली तर लोण्यात गेल्यासारखी. आतला केशरी गर धाग्याधाग्यांनी सुटत होता आणि बिया निसटून राखेत पडत होत्या, त्या सासूबाईंनी एकेक वेचून पदरात घेतल्या, धुऊन गच्चीवर वाळवायला. पम्पकिन सीड्स म्हणून त्या सोललेल्या बिया दुकानात काय भावाने मिळतात हे त्यांना माहीत नाही, त्या आयुष्यभर फुकटच खात आल्यात.

तर तो उपाय. कडेला बोटभर गर ठेवायचा आणि मधला सगळा खरवडून खिम्यातच कालवायचा. कोरडा खिमा गराचं पाणी ओढून घेतो, गराचा गोडवा काळ्या मसाल्यात मुरतो, आणि चरबीची आठवण येत नाही. वरून चीज मी घालत नाही, कांद्याची पात आणि लिंबू. खिमा भरायच्या आधी कढईतच पूर्ण शिजलेला हवा, भोपळ्यात शिजेल म्हणून कच्चा भरू नका.

मग ताटं वाढली. माणशी अर्धं. दीर-जाऊबाई आले होते. भावजींनी सगळं दोन मिनिटांत संपवलं आणि ताटात बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "इतलंच?" आणि पाठोपाठ, "रस्सा कथा शे वं?" रस्सा कुठे आहे, म्हणून. मी म्हटलं, आई, याला रस्सा नसतो. त्यावर त्यांचा आवाज चढला, "पाव्हणास्ले असं मोजीसन वाढतस का?"

मला वाटतं सगळं तिथेच आहे. लोक खिम्याच्या चरबीचे टक्के बघतात, तेल मोजतात, पण या जेवणात पोट सांभाळतं ते मुळात फळच. ते अर्धं असतं आणि त्याला काठ असतो. कढईला काठ असला तरी कढईतून परत वाढता येतं. पोराकडे आग्रह करायला कोणी नाही, म्हणून त्याचं अर्धं अर्धंच राहतं. इथे भावजींना मी माझं अर्धं दिलं, जाऊबाईंनी यांना त्यांच्यातलं दिलं, यांनी नको नको म्हणत घेतलं, आणि हिशेब केला तर रिपोर्टवर गोल असलेल्या माणसानेच सगळ्यात जास्त खाल्लं.

आता मी रस्सा करते. पातळ, खोबरं नावाला, तर्री जवळजवळ नाहीच, सासूबाईंच्या भाषेत पाणी. भाकरी चुरायला तो पुरतो आणि पाहुण्यांना आग्रह करायला काहीतरी हातात राहतं, फळ मात्र मोजूनच. यांचा रिपोर्ट पुढच्या महिन्यात आहे, तोवर रश्श्याचं पातेलं माझ्या बाजूला आणि पळी माझ्या हातात.