दिवसभर साधन शोधले, दोष दुसरीकडेच निघाला

नव्या वेब अ‍ॅप्लिकेशनचा दर्शनी भाग कशात बांधायचा, या एकाच प्रश्नावर आजचा दिवस गेला. काम तसे साधे आहे: दोन हजार ओळींचा तक्ता आणि त्याच्यावर शोधासाठी एक चौकट. मात्र पहिल्या नमुन्यात चौकटीत अक्षर टाइप केले की ते पडद्यावर उमटायला क्षणभर उशीर होई, आणि मी सगळा दोष लायब्ररीला, म्हणजे दर्शनी भाग बांधायला वापरलेल्या तयार कोडच्या संचाला, देऊन मोकळा झालो होतो.

तो नमुना रिअ‍ॅक्टमध्ये होता. २०१३ साली मुक्तस्रोत झालेल्या या लायब्ररीत एखाद्या घटकाची (पडद्याच्या एका तुकड्याची) स्थिती, म्हणजे त्याने जपलेली माहिती, बदलली की तो घटक आणि त्याच्या पोटातले घटक पुन्हा रेंडर होतात, म्हणजे नव्याने आखले जातात, मग नवा आराखडा जुन्याशी ताडून केवळ फरक डॉममध्ये, म्हणजे ब्राउझरकडच्या पानाच्या रचनेत, उतरवला जातो. व्ह्यू आणि स्वेल्ट ही अशीच दुसरी साधने. व्ह्यू कोणता घटक कोणत्या माहितीवर अवलंबून आहे याची नोंद ठेवतो, तर स्वेल्ट बरेचसे काम कंपाइल करतानाच, म्हणजे कोड ब्राउझरकडे जाण्याआधी रूपांतरित होतानाच, उरकतो. म्हणून तोच तक्ता दुपारी स्वेल्टमध्ये लिहून पाहिला. पहिल्यांदा उघडताना तोही अडखळलाच!

वेळ कुठे जातो ते दाखवणारा प्रोफायलर उघडल्यावर (हे सकाळीच करायला हवे होते) कळले की ब्राउझर न दिसणाऱ्या शेकडो ओळीही मांडत बसला होता. दिसणाऱ्या तीसेक ओळीच काढायच्या, असे ठरवताच रिअ‍ॅक्टमधला उशीरही नाहीसा झाला. अखेर रिअ‍ॅक्टच ठेवले, कारण सहकाऱ्यांना ते येते आणि तारीख निवडण्याचा आमचा जुना, तपासलेला घटक त्यातच आहे.