श्वासाचा फुगा, ज्याच्या त्याच्या वेगाने

परीक्षेच्या धास्तीने छातीत धडधडणाऱ्या मुलांसाठी गेम करायचा म्हटलं की आधी पात्राचे कपडे आणि केस निवडायची सोय होते. मुलांना ते आवडतंही. पण जीव शांत व्हायला हवा असेल तर श्वासाचा वेग मुलाच्या हातात द्या. स्क्रॅचमध्ये, म्हणजे ब्लॉक जोडून गेम बनवायच्या प्रोग्रॅममध्ये, हे फुकट होतं, ॲप उतरवून घेतलं की इंटरनेटही लागत नाही.

श्वासाबरोबर फुगणाऱ्या-आकसणाऱ्या फुग्याचा एक स्प्राइट (पडद्यावरचं चित्र) आणि श्वास घ्यायचे व सोडायचे सेकंद साठवणारी 'आत', 'बाहेर' ही दोन व्हेरिएबल (बदलता येणारे आकडे). सुरुवात 4 आणि 6 सेकंदांनी, म्हणजे मिनिटाला 6 श्वास. लहान मुलांना 3 आणि 4 सोपं जातं. स्टेजवरच्या व्हेरिएबलवर राइट क्लिक करून स्लायडर निवडा आणि रेंज 2 ते 8 करा. ती 0 ते 100 राहिली आणि मुलाने 0 केलं, की पुढचा भागाकार बिघडतो.

खरी गफलत वेळेत होते. 'आकार 2ने वाढव, 0.075 सेकंद थांब' हे 40 वेळा फिरवलं की 3 सेकंद व्हायला हवेत. पण स्क्रॅच सेकंदाला 30 फ्रेम दाखवतं, प्रत्येक थांबा पुढच्या फ्रेमपर्यंत रेंगाळतो आणि श्वास सेकंदभर तरी लांबतो. छोट्या छातीला तो सेकंद जड जातो. म्हणून टायमर शून्य करा आणि तो 'आत'च्या पुढे जाईपर्यंत आकार ठेवा 60 + 80 × टायमर ÷ आत. सोडताना टायमर पुन्हा शून्य करून 140 − 80 × टायमर ÷ बाहेर. स्लायडरचा आकडा श्वासाच्या सुरुवातीलाच वेगळ्या व्हेरिएबलमध्ये उचलून घ्या, नाहीतर मध्येच सरकवला की फुगा दचकतो.

'घे… सोड' हे मुलाच्याच किंवा आजीच्या आवाजात, घरच्या बोलीत रेकॉर्ड करा. आवाज संपेपर्यंत थांबणारा ब्लॉक मात्र नको, त्याने फुगाही थांबतो.

गुण अजिबात देऊ नका. गुणांसाठी मुलं जोरजोरात श्वास घेतात आणि गरगरतं. गरगरलं तर खेळ बंद, नेहमीसारखा श्वास. श्वास रोखायला लावू नका. 18 श्वास, म्हणजे 4 आणि 6 च्या वेगाने 3 मिनिटं, पुरे.

'आज कसं वाटतंय?'चं उत्तर क्लाउड व्हेरिएबलमध्ये, म्हणजे स्क्रॅचच्या सर्व्हरवर राहणाऱ्या व्हेरिएबलमध्ये, साठवू नका, शेअर केलेल्या प्रोजेक्टमध्ये ते इतरांना दिसतं. आणि हा फुगा म्हणजे उपचार नव्हे. झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नको वाटतं असं मूल म्हणालं, तर खेळ बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावा.